चार नंबरच्या लाइनवरचा टॅग

या हकिगतीत रात्र नाही.

अमावस्या नाही, स्मशान नाही, ओसाड रस्ता नाही. जे घडलं ते सकाळी पावणेसातच्या सुमारास घडलं, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, चहा-कॉफीचे कप हातात घेऊन माणसं कामाला येत असताना. भार्गवीला त्याचीच जास्त भीती वाटते. अंधारात काही दिसलं असतं तर नजरेचा दोष म्हणून सोडून देता आलं असतं.

जागा नेदरलँड्समधली. आल्समेर गावाबाहेरचं एक मोठं गोदाम. कंपनीचं नाव इथं दिलेलं नाही, कारण तिथं माणसं अजून कामाला जातात. माणसांची नावं बदलली आहेत. काळ गेल्या हिवाळ्यातला, नोव्हेंबर संपत आलेला.

बाकी सगळं भार्गवीने सांगितलं तसंच आहे.

भार्गवी मूळची पुण्याची. लग्नानंतर प्रणवच्या व्हिसावर इकडे आली. प्रणव आयटीतला, घर उइटहॉर्नला. पहिली काही वर्षं तिने घरात बसून काढली. डच शिकली, सायकल शिकली, स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या डब्यांना सुबक लेबलं लावली. ती लेबलं एकदा आशुतोषने पाहिली.

आशुतोष सांगलीचा. प्रणवचा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरचा दोस्त, आणि त्या गोदामात यंत्रांच्या देखभालीचा इंजिनिअर. मोहरीचा डबा हातात फिरवत तो म्हणाला होता, “वहिनी, हे टॅलेंट फोडणीत वाया चाललंय. आमच्याकडे लेबलच्या खोलीत माणूस हवाय. इथं डब्यांना लावताय, तिथं रॅकना लावा.”

असं तिला काम मिळालं. आशुतोषमुळे. हे ती आजही आधी सांगते.

लेबलची खोली गोदामाच्या एका कोपऱ्यात होती. तिथला प्रिंटर दुकानात किमतीची चिठ्ठी छापणारा छोटा प्रिंटर नव्हता. त्याचा रोल दोन्ही हातांनी उचलावा लागे. फोर्कलिफ्टवरून वाचता येतील एवढे रॅकचे मोठे आकडे, जमिनीवर चिकटवायचे पिवळे-काळे बाण, आगीचे नि रसायनांचे इशारे, सगळं त्या एका यंत्रातून निघायचं.

त्याचा आवाज तिला पाठ झाला होता. आधी छापणारं हेड खाली बसल्याचा टक्. मग चर्र... मग कटरचा खट्.

आणि एक गोष्ट. या यंत्राचं हेड तापतं, रिबनवरची शाई वितळते आणि लेबलावर बसते. त्यामुळे नुकतंच छापलेलं लेबल हाताला कोमट लागतं. थोडा वेळ गेला की गार होतं.

हे लक्षात ठेवायला हवं.

याच यंत्रावर टॅगही छापले जायचे. जाड प्लास्टिकचे, तळहाताएवढे. देखभालीचा माणूस एखाद्या यंत्राच्या आत शिरला की बाहेरच्या मुख्य स्विचला तो आपला टॅग अडकवतो. वर लाल पट्टा. खाली त्याचा फोटो, नाव, आणि एक वाक्य: मी आत आहे, यंत्र चालू करू नका.

नियम साधा होता. टॅग ज्याने लावला, त्यानेच काढायचा. तो समोर नसेल तर त्याला फोन लावायचा. ‘तू आत नाहीस ना?’ असं विचारायचं. ‘नाही’ हे त्याच्या तोंडून ऐकायचं. मगच टीम लीडरने टॅग कापायचा.

खोकी सरकवणाऱ्या इतर कन्व्हेयर लाइनींच्या स्विचना कुलूपही लागायचं. चार नंबरची लाइन जुनी होती. तिच्या स्विचला कुलपासाठी भोकच नव्हतं. नवा स्विच मागवलेला होता, म्हणजे आशुतोष मेलवर मेल पाठवत होता आणि कुणीतरी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत होतं. तोवर चार नंबरवर नुसता टॅग.

या लाइनच्या टोकाला खोकी वरच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट होती. तिच्या तळाशी माणूस वाकून मावेल एवढी जागा. तिथं शिरलेला माणूस स्विचपाशी उभं राहून दिसत नाही. हाक मारली तरी ऐकू येत नाही.

म्हणून तो टॅग. दुसरं काहीच नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी धाकट्या भावाच्या लग्नासाठी आशुतोष सांगलीला गेला. बायको मीनल आधीच गेली होती.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी भार्गवी सायकल लावून आत आली. बाहेर धुकं होतं. लेबलच्या खोलीचं कुलूप काढायला तिने किल्ली लावली, आणि...

आतून आवाज आला.

टक्. चर्र... खट्.

तिने दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. यंत्राचा दिवा बंद होता. ट्रेही रिकामा.

तिला वाटलं, शेजारच्या हॉलमधला आवाज असेल. गोदामात आवाजांना काय तोटा?

तेवढ्यात टीम लीडर मार्टेनची हाक आली. उंच, तांबूस केसांचा, वाईट माणूस नव्हे. घाईतला माणूस. तो चार नंबरच्या स्विचपाशी उभा होता.

स्विचला टॅग अडकवलेला होता. लाल पट्टा. दाढीतून हसणारा आशुतोष.

“तुझा दोस्त इंडियात गेलाय ना?” मार्टेनने विचारलं.

“हो. शनिवारीच गेला.”

“मग हा काय विमानातून हात लांब करून लावला?”

नियम म्हणजे नियम. मार्टेनने ऑफिसच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत दुपार व्हायला आली होती. पडद्यावर आशुतोष आला, कपाळाला हळद, मागे मांडव, वाजंत्री.

“तू आत नाहीस ना?” मार्टेनने विचारलं.

“आत? अरे, मी जेवणाच्या पंगतीत आहे! वहिनी, बघा, मठ्ठा. तुमच्या वाटणीचा पण पितो.”

मार्टेन हसला. पक्कडीने टॅग बांधलेला केबल टाय कापला आणि टॅग भार्गवीच्या हातात दिला.



टॅग कोमट होता.

मंगळवारी पुन्हा टॅग. पुन्हा कॉल. आशुतोष म्हणाला, “मार्टेन, मला सुट्टीत पण कामावर धरतोस? ओव्हरटाइम लावणार बरं का.” सगळे हसले. टाय कापला गेला.

आणि तोही टॅग कोमट होता.

भार्गवीने खोलीत जाऊन यंत्र उघडलं. या यंत्रातली वापरलेली रिबन फेकायच्या आधी पाहिली तर तिच्यावर सगळं उमटलेलं दिसतं. जिथली शाई लेबलावर गेली, तिथं रिबन पारदर्शक होते. तिने रिबन उजेडासमोर धरली.

काल संध्याकाळी छापलेले बाण दिसले. त्यानंतर...

त्यानंतर आशुतोषचा चेहरा. उलटा. दाढीच्या जागी उजेड, डोळ्यांच्या जागी उजेड.

टॅग इथंच छापला गेला होता. तिच्याच यंत्रावर, आणि यंत्रातल्या नोंदीप्रमाणे तिच्याच लॉगिनने. खोलीची किल्ली तिच्याकडे आणि मार्टेनकडे. मार्टेन तर आज तिच्या डोळ्यांदेखत गोदामाच्या दरवाज्यातून आत आला होता.

घरी तिने प्रणवला सांगितलं. प्रणव भांडी घासत होता.

“कुणीतरी गंमत करतंय,” तो म्हणाला.

“बंद खोलीत? बंद यंत्रावर?”

“नेटवर्कवर आहे ना ते? मग कुणी घरी बसूनसुद्धा प्रिंट देऊ शकतं.”

“आणि खोलीतून लाइनपर्यंत कोण नेतं? नेटवर्क?”

प्रणवने नळ बंद केला. “भार्गवी, आशुतोष सांगलीत पंगती झोडतोय. त्याला काय होणार आहे?”

हेच सगळे म्हणत होते. आणि ते खरंच होतं.

बुधवारच्या टॅगवर फोटोत काहीतरी वेगळं होतं.

या यंत्रावर फोटो काळ्या ठिपक्यांनी छापला जातो. आशुतोषच्या फोटोची मागची बाजू पांढरी, मोकळी. बुधवारी त्या पांढऱ्या भागात आडव्या रेघा आल्या होत्या. करड्या, समांतर.

रिबनला सुरकुती पडली असेल, असं तिला वाटलं. तिने रिबन नीट ताणून बसवली, हेड अल्कोहोलने पुसलं, एक चाचणी लेबल काढलं. लेबल स्वच्छ निघालं.

गुरुवारच्या टॅगवर रेघा अधिक गडद होत्या. जाड, गोल, चकाकणाऱ्या.

ती तो टॅग हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं...

त्या रेघा नव्हत्या. ते रोलर होते.

कन्व्हेयरचे रोलर. फोटोतला आशुतोष पांढऱ्या भिंतीसमोर उभा नव्हता. तो लाइनच्या आत होता. आणि हसत नव्हता.

तिने मार्टेनला टॅग दाखवला. त्याने डोळे बारीक केले. “प्रिंट खराब आलीय.”

“मार्टेन, लाइन चालू नको करू. आशुतोष येईपर्यंत बंद ठेव.”

“सिंटरक्लासच्या सणाचा आठवडा आहे, भार्गवी. बाहेर ट्रक उभे आहेत. एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी लाइन बंद ठेवली असं वरच्यांना सांगू?”

“निदान फोन तरी लाव.”

“काल लावला, परवा लावला. माणूस दुसऱ्या खंडात आहे!”

“तू हे रोज असंच कापत राहिलास, तर खरा टॅग कोणता ते कळणार कसं?”

तो क्षणभर थांबला. हे भार्गवी नेहमी सांगते. तो थांबला होता.

मग म्हणाला, “खरा असेल तेव्हा तो इथं असेल ना. रुस्तख, भार्गवी.” म्हणजे, शांत हो.

कच्... टाय तुटला. त्या दिवशी फोन झाला नाही.

त्या दुपारी चहाच्या सुट्टीत तिने स्वतःच आशुतोषला व्हिडिओ कॉल केला. सांगलीत संध्याकाळ होती. तो गच्चीवर एकटा होता, मागे दिव्यांच्या माळा.

“वहिनी, काय हे, भुताटकी सुरू केलीत म्हणे? मार्टेनचा मेसेज आला. तुमचा प्रिंटर माझ्या प्रेमात पडलाय म्हणतो.”

“आशुतोष, चेष्टा नको. तू आलास की चार नंबरला हात लावू नकोस.”

“अहो, तिच्या लिफ्टची बेअरिंग गेलीय. मी नाही तर कोण लावणार?”

“मग मला सांगितल्याशिवाय तरी लावू नकोस. शप्पथ घे.”

तो हसायचा थांबला. तिचा चेहरा त्याने नीट पाहिला असावा. “बरं. तुम्हाला सांगितल्याशिवाय आत पाय ठेवणार नाही. बस?”

ती ‘बस’ म्हणणार होती. तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला...

टूं. टूं. टूं.

लाइन सुरू होण्याआधी गोदामात वाजणारा इशारा. अगदी तोच.

“हा कसला आवाज?” तिने विचारलं.

“कुठला?”

“तुझ्या मागे. वाजतोय बघ.”

आशुतोषने मागे वळून पाहिलं. गच्ची, माळा, आकाश. “वहिनी, इथं कावळे सोडले तर काही वाजत नाहीये.”

टूं. टूं. टूं.

तिला ऐकू येत होतं. त्याला नाही.

गुरुवारी काम सुटल्यावर तिने तिला सुचेल ते सगळं केलं. यंत्राची वायर भिंतीतून काढली. टॅगचा रोल काढून कपाटात बंद केला. रिबन काढली आणि पिशवीत घालून घरी उइटहॉर्नला नेली. शाईच नाही, तर छापणार काय?

शुक्रवारी सकाळी ती जवळजवळ पळतच चार नंबरकडे गेली.

टॅग होता.

मार्टेन शिट्टी वाजवत आला, टॅगकडे न बघता टाय कापला आणि पुढे गेला. सकाळी भेटल्यावर ‘मॉर्खन’, म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणावं इतक्या सहज. टॅग जमिनीवर पडला. भार्गवीने उचलला.

कोमट.

घरी येऊन तिने पिशवी उघडली. रिबन तशीच गुंडाळलेली होती. तिने ती खिडकीपाशी उजेडात धरली. काल शेवटी छापलेली रॅकची लेबलं... आणि त्यांच्यापुढे, जिथं कोरी काळी रिबन असायला हवी होती, तिथं आशुतोष.

प्रणव मागे उभा होता.  त्याने रिबन तिच्या हातातून घेतली, बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि बराच वेळ हात धूत राहिला.

आशुतोष मंगळवारी कामावर येणार होता. भार्गवीने मनाशी ठरवलं होतं, मंगळवारी आपण त्याच्याआधी गेटवर उभं राहायचं आणि त्याला हाताला धरून लेबलच्या खोलीत न्यायचं. तो हसला तर हसू दे.

मधला सोमवार तिने मोजलाच नाही.

सोमवारी रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. ती सायकल हळू चालवत आली. फोन पिशवीत होता. कामाच्या जागी फोन न्यायची परवानगी नसल्यामुळे पिशवी तशीच लॉकरमध्ये गेली. बाकीची माणसं जॅकेट काढत होती. कुणीतरी पेपरनोटन बिस्किटांचा डबा फिरवत होतं. तिने मूठभर घेतली.

लेबलच्या खोलीसमोर ती थांबली. कान दिला.

टक् नाही. चर्र नाही.

आतून काहीच आवाज आला नाही.

तिला किती हायसं वाटलं, ते ती आजही सांगू शकत नाही. संपलं, असं तिला वाटलं. तिने एक बिस्किट तोंडात टाकलं.

मग चार नंबरकडून तो लहानसा आवाज आला...

कच्.

मार्टेन टाय कापून पुढे निघाला होता. टॅग स्विचखाली पडला होता. संपलेलं नव्हतं तर. ती चालत गेली, वाकली, टॅग उचलला.

टॅग गार होता.

बर्फासारखा गार. तिने तो पालथा केला, परत सुलटा केला. कडा झिजलेल्या. एका कोपऱ्याला ग्रीसचा डाग. फोटोमागची बाजू पांढरी, मोकळी. रोलर नाहीत, रेघा नाहीत. दाढीतून हसणारा आशुतोष.

हा आज छापलेला नव्हता. हा त्याचा रोजचा टॅग होता. त्याच्या हत्यारांच्या पिशवीत असायचा तो.

टूं.

ती ओरडली. काय ओरडली, ते तिला आठवत नाही. बहुतेक मराठीत ओरडली.

टूं.

मार्टेनचा हात बटणावर होता आणि तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता. ती पळाली. लाइन थांबवायचं लाल बटण खांबाच्या पलीकडच्या बाजूला होतं.

टूं.

तिने बटण दाबलं. लाइन थांबली. सगळं गोदाम थांबल्यासारखं शांत झालं.

लिफ्ट खाली आलेली होती.

पुढचं ती सांगत नाही. विचारूही नये.

अॅम्ब्युलन्स येऊन गेल्यावर कुणीतरी तिला लॉकरपाशी बसवलं. तिने फोन काढला. त्यावर आशुतोषचा मेसेज होता, ती सायकलवर असताना आलेला.

‘वहिनी, काल रात्रीच पोचलो. झोप काही येईना, म्हणून लवकर आलो. तुमची खोली बंद आहे, म्हणून इथं सांगतोय. चार नंबरची बेअरिंग लावून टाकतो, मग चहा. मीनलने चिवडा दिलाय तुम्हाला.’

त्याने शब्द पाळला होता. तिला सांगितल्याशिवाय आत पाय ठेवला नव्हता.

चौकशी झाली. कामगार खात्याचे निरीक्षक आले, पोलीस आले. आठवडाभराचे टॅग कुणी छापले, हा प्रश्न सगळ्यांना पडला. यंत्रात नोंद होती ती भार्गवीच्या लॉगिनची. पण गेटवरच्या कॅमेऱ्यात त्या त्या वेळी भार्गवी सायकल लावताना दिसत होती. तिच्यावर ठपका आला नाही. मार्टेनवर आला. तो नोकरी सोडून गेला, आणि कुठे गेला ते कुणाला माहीत नाही.

मीनल सांगलीहून परत आली ती सामान आवरायलाच. जाण्याआधी उइटहॉर्नला आली. चहा तसाच निवला. उठताना ती म्हणाली, “वहिनी, एकच विचारते. तुम्हाला आठवडाभर माहीत होतं ना?”

“हो.”

“मग?”

भार्गवी त्या आठवड्यात गप्प बसली नव्हती. ती सांगत होती, विनवत होती, वायर काढत होती. आणि जे कुणी टॅग लावत होतं, ते आशुतोषला वाचवायला लावत होतं की सगळ्यांना टॅग कापायची सवय लावायला? हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

आजही कळलेलं नाही.

तिने नोकरी सोडली. घरातल्या डब्यांवरची लेबलं खरवडून काढली. आता मोहरी कशात आणि मेथी कशात, ते झाकण उघडून बघते.

हकिगत इथं संपायला हवी होती.

यंदा वसंतात, ट्युलिप उमलले होते तेव्हा, सकाळी तिचा फोन वाजला. नंबर गोदामाचा. बोलणारी बाई म्हणाली, “मी एस्थर. मार्टेनच्या जागेवर आलेय. आपली ओळख नाही. एक विचित्र काम आहे.”

“बोला.”

“चार नंबरला आता नवा स्विच बसवलाय. त्याला आज सकाळी एक टॅग अडकवलेला आहे. त्यावर तुझं नाव आहे. फोटोही तुझाच, मी फाइलमध्ये ताडून पाहिला. तू तर नोकरी सोडलीयस ना?”

भार्गवी स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर पोहे होते. खिडकीतून ऊन येत होतं. शेजारची मुलं शाळेला निघाली होती.

“हो,” ती म्हणाली. “सोडली.”

“त्या घटनेनंतर आम्ही नियम फार कडक पाळतो. म्हणून विचारावंच लागतं. तू आत नाहीस ना?”

“नाही. मी माझ्या घरात आहे.”



“भार्गवी,” एस्थर म्हणाली, “मग तुझ्या मागे तो इशारा कसला वाजतोय?”

भार्गवीने मागे वळून पाहिलं. ओटा. डबे. कढईतले पोहे. कसलाही आवाज नव्हता.

तिने गॅस बंद केला.  तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि तीच विचारायची नव्हती.

“एस्थर, त्या टॅगला हात लाव. गरम आहे का?”

“गरम? का?”

“लाव ना. प्लीज.”

पावलांचा आवाज लांब गेला. कुठेतरी फोर्कलिफ्ट पिपाणी वाजवत मागे आली. मग पावलं परतली.

“नाही,” एस्थर म्हणाली. “अगदी गार आहे. कडा जरा झिजल्यात. जुना दिसतोय.”

भार्गवी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. एक हात ओट्यावर टेकवला. ओटा होता. लादी पायाखाली होती. ती घरातच होती.

“कापू नका,” ती म्हणाली. “कुणीही कापू नका.”

एस्थर भली बाई. तिने कापला नाही. चार नंबरची लाइन तेव्हापासून बंद आहे. तू एकदा येऊन तो काढून जा, म्हणजे विषय मिटेल, असा निरोप तिच्याकडून अधूनमधून येतो. प्रणवही म्हणतो, मी येतो सोबत, जाऊन संपवून टाकू.

कापायचा नाही, तर काढायचा अधिकार फक्त भार्गवीचा आहे.

ती गेलेली नाही.